चष्म्यातलं गार घर

३ एप्रिल, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कारण इतिहास. आपल्या इमारतीत जे घडणार आहे त्याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी, आणि ज्याच्या हातून घडणार आहे त्यानेच ती ठेवलेली बरी.

पार्श्वभूमी: इमारत बेचाळीस वर्षांची. चार मजले, चोवीस घरं. उन्हाळ्यात नुसती भट्टी. दुपारी भिंतीला पाठ टेकवता येत नाही. आता एका संस्थेने जुन्या इमारती न पाडता गार करायची योजना काढली आहे. छतावर ऊन अडवणारा थर, दुहेरी काचेच्या खिडक्या, बाहेरून सावलीच्या पट्ट्या, फटी बुजवणं, हवा खेळायला झरोके. पंखे-कूलर कमी चालतात, वीज वाचते. अट एकच. तीस तारखेपर्यंत किमान अठरा घरांची लेखी संमती. नाही मिळाली तर योजना शेजारच्या इमारतीला. (शेजारच्या इमारतीला! ज्यांना अजून जिन्यातला दिवा लावता आलेला नाही!)

लोकांनी डोळे मिटून सही करू नये म्हणून संस्थेने एक यंत्र दिलं आहे. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी हेडसेट. डोळ्यांवर चढवला की काम झाल्यानंतरचं आपलंच घर दिसतं. त्यात फिरायचं, काय हवं नको ते सांगायचं. काल मीटिंगमध्ये संस्थेच्या इंजिनिअर मुलीने विचारलं, रहिवाशांशी बोलायला कुणी वेळ देईल का. मी हात वर केला. दुसऱ्या कुणी केला नाही. म्हणजे निवड बिनविरोध. पद: निवासी सहभाग समन्वयक. पदाचं नाव मीच सुचवलं.

बत्तीस वर्षं ऑफिसात आवक-जावक सांभाळली. माणसं कशी हाताळायची हे मला कुणी शिकवायला नको.

संकल्प: सात दिवस, चोवीस घरं, शंभर टक्के.

४ एप्रिल

हेडसेटची चाचणी. इंजिनिअर म्हणाली, पहिल्यांदा बसून घाला. बायकोही म्हणाली, अहो, बसून घाला. समन्वयक खुर्चीत बसलेला बरा दिसत नाही. उभ्याने घातला.

अप्रतिम. आपला हॉल, पण गार दिसणारा. दोन पावलं पुढे गेलो, एक डावीकडे. खरा टीपॉय नेमका तिथेच होता. मग जमीन जरा कलली. मळमळ हेडसेटमुळे नाही. सकाळचा चहा उशिरा झाला होता. उलटी झाली असंही म्हणता येणार नाही, कारण मोरीपर्यंत वेळेत पोचलो.

निरीक्षण: तंत्रज्ञान उत्तम. टीपॉयची जागा चुकीची.

७ एप्रिल, संध्याकाळ

पहिलं प्रात्यक्षिक. तळमजल्यावरची सायकलींची खोली. सायकली बाहेर काढल्या, खुर्च्या मांडल्या. अकरा जण हजर. लोकांना विषय मुळापासून कळावा म्हणून आधी प्रास्ताविक केलं. उष्णता म्हणजे काय, भिंत म्हणजे काय, इत्यादी. तीस मिनिटांचं ठरवलं होतं, पंचावन्न झाली. विषयाचा आवाकाच तेवढा आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याने मध्येच विचारलं, नवीन खिडकी आत उघडणार का बाहेर? म्हटलं, प्रश्न शेवटी. शेवट येईपर्यंत तो निघून गेला. लोकांमध्ये चिकाटी म्हणून राहिली नाही.

शेवटी तिघं उरले. एक झोपलेले, एक झोपलेल्यांच्या पत्नी, तिसरी माझी. झोपलेल्यांच्या पत्नींना हेडसेट चढवला तेव्हा त्याची बॅटरी संपलेली होती. प्रास्ताविकाच्या वेळी मी तो चालू ठेवून हातात धरला होता, परिणाम साधावा म्हणून.

संमती: ०. पण वातावरणनिर्मिती झाली.

सगळे हेडसेटला ‘डबा’ म्हणू लागलेत. हे थांबवलं पाहिजे.

९ एप्रिल

दारोदार संपर्क. रणनीती बदलली. (अपयश नव्हे, बदल.)

तिसऱ्या मजल्यावरचे नाही-काका. इमारतीत सगळे त्यांना याच नावाने ओळखतात. पाण्याच्या टाकीला नाही, रंगाला नाही, लिफ्टला नाही. आज दार चार बोटं उघडलं, मला पाहिलं, नाही म्हणाले आणि लावून घेतलं. मी तोंडही उघडलं नव्हतं. तरी संपर्क झाला अशी नोंद केली.

चौथा मजला. नर्सबाई. पस्तीस वर्षं हॉस्पिटलात काढली, आता एकट्या असतात. त्यांचं घर बरोबर गच्चीखाली. घरात खोकी मांडलेली, भांडी कागदात गुंडाळणं चाललेलं. महिनाअखेरीला भाचीकडे जायचंय म्हणाल्या, कायमच्या. दुपारी घरात बसवत नाही. गेल्या वर्षी चक्कर येऊन पडल्या होत्या. म्हणून हल्ली बारा ते पाच पुस्तक घेऊन जिन्यात बसतात, दुसऱ्या मजल्यावर, तिथे जरा वारा असतो. (जिन्यात बसणं नियमात बसत नाही. तूर्त दुर्लक्ष केलं.)

त्यांनी विचारलं, हे सगळं केल्यावर घर गार होईल का? मी त्यांना उष्णतारोधकता गुणांक समजावला. सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, गार होईल का? ज्येष्ठांना संकल्पना पोचायला वेळ लागतो.

संमती: ०.

११ एप्रिल

दाढ ठणकत होती. दाताच्या डॉक्टरकडे जावं लागलं. हेडसेट बायकोच्या ताब्यात दिला. स्पष्ट सांगितलं, फक्त राखण करायची.

दोन तासांनी परत आलो तर सायकलींच्या खोलीबाहेर रांग! आत बायको. एकेकाला खुर्चीत बसवायची, डबा चढवायची (हेडसेट) आणि एकच प्रश्न विचारायची, तुम्हाला या घरात काय खुपतं? समोरचा सांगेल ते फोन नंबर लिहायच्या जुन्या वहीत उतरवायचं. प्रास्ताविक नाही, तक्ता नाही, काही नाही. एका बाईने तर आपल्या सासूबाईंच्या घोरण्याबद्दल सांगितलं, तेही हिने लिहून घेतलं. त्यातून कळलं म्हणे की खिडकीच्या फटीतून रस्त्याचा आवाज येतो म्हणून त्या कूलर मोठा लावतात आणि म्हणून कुणालाच झोप नाही.

गालात बोळा असल्यामुळे मला बोलता येत नव्हतं. तरी हातवारे करून पद्धत चुकत असल्याचं दाखवून दिलं. बायको म्हणाली, बरं, तुम्ही वर जाऊन पडा.

संमती: ९!

माझ्या सात तारखेच्या भाषणाचा परिणाम असा सावकाश उमटेल असं वाटलं नव्हतं.

१३ एप्रिल

सूत्रं पुन्हा हाती घेतली. प्रास्ताविक आटोपशीर, पस्तीस मिनिटांत.

संमती: ९. (कालचेच. म्हणजे परवाचे.)

रविवार होता. लोकांना सुट्टीच्या दिवशी विचार करायची सवय नाही.

१५ एप्रिल

आज माझी दाढ पुन्हा. बायको बसली. संमती १२.

शिंप्याने गोंधळ घातला. डबा घालून आपल्या खोलीत फिरला आणि ओरडला, अहो, ही खिडकी आत उघडतेय, माझ्या मशीनच्या डोक्यावर! इंजिनिअरने टॅब्लेटवर खिडकी सरकती केली. लगेच! तो पुन्हा आत गेला, हवेतच कापड धरलं, हवेतच मशीन चालवलं, म्हणाला, आता जमलं. मग पहिल्या मजल्यावरच्या बाईंना दिसलं की सावलीच्या पट्ट्यांनी त्यांच्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर अंधार येतो. त्याही हलवल्या.

दवाखान्यातून परतल्यावर मी इंजिनिअरला बाजूला घेऊन सांगितलं, असं जो तो आराखडा बदलायला लागला तर काम कसं व्हायचं? ती म्हणाली, काका, त्यासाठीच तर हा डबा आणलाय.

वयाने लहान आहे. अनुभव येईल तसं कळेल. पण तिनेसुद्धा डबा म्हणावं?

१८ एप्रिल

संमती १४. आकड्यांवर नजर टाकता असं दिसतं की यांतल्या चौदा सह्या मी जागेवर नसताना झाल्या. योगायोगाचा अभ्यास करायला हवा.

बायकोने सुचवलं की मोठं काम मी करावं, अहवालाचं. तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार, म्हणाली. पटलं. बसल्याबसल्या लोकांना डबा घालणं कुणालाही जमेल. आजपासून मी घरी, अहवाल. ती खाली.

अहवालाचं शीर्षक: ‘सहभाग: एक चिंतन’. प्रस्तावनेची नऊ पानं झाली.

जागा: हॉल, खिडकीजवळची माझी खुर्ची, पंखा पाचवर. इथे उकाडा फारसा जाणवत नाही. लोक थोडी अतिशयोक्ती करतात असं माझं मत होत चाललंय. (हे अहवालात नको.)

२१ एप्रिल

संमती १६. अहवाल पानं २२.

अघटित घडलं. नाही-काकांनी डबा घातला.

बायकोला विचारलं, कसं वळवलंस? ती म्हणाली, वळवलं नाही. सही मागितलीच नाही. फक्त म्हटलं, काका, तुमची न् नर्सबाईंची भिंत एकाच बाजूला. चार वाजता ऊन नेमकं कुठवर येतं ते या पोरीला कळत नाहीये, तुम्ही बघून सांगाल का? पंचवीस मिनिटं बसले. उठले ते सात हरकती घेऊन. खोलीत नसलेला खांब दाखवलाय. छपरावरच्या पाण्याला उतार चुकीच्या बाजूला दिलाय. आणखी पाच. इंजिनिअर संध्याकाळी वर जाऊन सगळं तपासून आली. सातही बरोबर. उताराचं तसंच राहिलं असतं तर म्हणे पहिल्याच पावसात नर्सबाईंच्या छतातून गळती.

सही मात्र केली नाही. आधी सातही दुरुस्त करून दाखवा म्हणाले.

मी त्यांना नऊ तारखेला भेटलो होतो. पाया मी घातला.

२४ एप्रिल

आज लिहिताना जरा थांबत थांबत लिहितोय. का ते माहीत नाही.

नर्सबाई खाली आल्या. अहवालासाठी आकडे घ्यायला मीही तिथे होतो. भाचीला परवा गाडी घेऊन बोलावलंय, त्याआधी एकदा बघून घेते म्हणाल्या. खुर्चीत बसल्या. डबा चढवल्यावर आधी मान फिरवून चारी भिंती बघितल्या. मग म्हणाल्या, मला माझ्या पश्चिमेच्या खिडकीपाशी न्या. इंजिनिअरने नेलं. तिथली वेळ दुपारी तीनची केली. बाई नुसत्या बसून. मला वाटलं, त्यांना छतावरच्या थराची जाडी समजावून सांगावी. तोंड उघडलं तोच बायकोने दंडाला चिमटा काढला. अजून वळ आहे.

मग नर्सबाईंनी विचारलं, इथे दुपारी खरंच बसता येईल? इंजिनिअरने खोटं सांगितलं नाही. म्हणाली, गारेगार नाही होणार. पाच-सहा अंश कमी होईल, छपराखाली कदाचित थोडं जास्त. बाई म्हणाल्या, पाच-सहा पुष्कळ झाले गं. तापाच्या पेशंटचे दोन अंश उतरले तरी आम्ही सुटकेचा निःश्वास टाकायचो.

सही केली. भाचीला फोन करून म्हणाल्या, गाडी घेऊन ये, पण राहायला ये, न्यायला नको.

संमती १७. मी प्रास्ताविक केलं नाही. करायला हवं होतं असंही वाटलं नाही. दाढेच्या औषधाने थकवा येतो.

२६ एप्रिल

सातही हरकती दुरुस्त. नाही-काकांनी पुन्हा डबा घालून एकेक तपासली. मग कागद पुढे ओढला. नाही म्हणत नाही, म्हणाले. याहून मोठा होकार त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही.

संमती १८. जिंकलो! अहवाल पानं ३८. शेवटच्या प्रकरणात ‘नेतृत्व’ असा स्वतंत्र भाग घातला.

२९ एप्रिल

शेवटची मीटिंग. अहवालाच्या पाच प्रती घेऊन गेलो. इंजिनिअरने एक प्रत घेतली, छान म्हणाली, टेबलावर ठेवली. मग बायकोकडे बघून म्हणाली, काकू, वही आणलीत ना?

पुढचा दीड तास ती फोन नंबरांची वही. घर क्रमांक एक, काय खुपतं. घर क्रमांक दोन, काय खुपतं. सगळा अंतिम आराखडा त्या वहीवरून. अहवाल मध्ये एकदा उपयोगी पडला. प्रोजेक्टर कलता होता, त्याच्याखाली ठेवला.

आता संमती तेवीस झाल्यात. अठरा झाल्याचं कळल्यावर राहिलेले आपणहून आले. इंजिनिअरने यादी पाहिली आणि विचारलं, चोवीसावं घर कुठलं?

मी यादी पाहिली. घर क्रमांक आठ. मीच रकान्यात लिहिलं होतं: ‘समन्वयकाचं निवासस्थान. लागू नाही.’

वहीत आठ नंबरचं पान उघडलं. वर नुसता आठ. खाली कोरं. मी बायकोला विचारलं, आपलं का नाही लिहिलंस? ती म्हणाली, विचारत तर मीच होते. मला कोण विचारणार?

इंजिनिअर उठली, बायकोला खुर्चीत बसवलं, डबा चढवला आणि विचारलं, काकू, या घरात तुम्हाला काय खुपतं?

समोरच्या पडद्यावर आम्हाला ती काय बघतेय ते दिसत होतं. दार उघडलं, आपला हॉल. मी दर वेळी हॉलमध्येच थांबायचो. (टीपॉय.) ही हॉलकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात गेली. ओट्यापाशी थांबली. ओट्याच्या वर भिंतीत नवा झरोका होता, आणि उन्हाच्या भिंतीला बाहेरून पट्ट्या. तिने खुर्चीत बसल्याबसल्या हात वर केला, त्या झरोक्यापर्यंत. तसाच धरून ठेवला.

मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, वारा येतोय. मी तिच्या लक्षात आणून दिलं की या यंत्रात वाऱ्याची सोय नाही. ती म्हणाली, माहितीय हो. जरा गप्प बसा.

मग सांगायला लागली. ओट्यामागची भिंत दुपारी एवढी तापते की तेलाची बाटली तिथे ठेवता येत नाही. पंखा लावला की गॅस फडफडतो म्हणून पंखा नाही. खिडकी उघडली तर शेजारच्या कूलरची गरम हवा आत, म्हणून खिडकी नाही. चाळीस मिनिटं झाली की डोळ्यांपुढे ठिपके येतात, मग मोरीत जाऊन तोंड धुवायचं आणि पुन्हा उभं राहायचं. इंजिनिअर लिहीत होती. नर्सबाईंनी मध्येच विचारलं, ठिपके किती दिवसांपासून? बायको म्हणाली, दिवस कसले, वर्षं.

घरी येताना जिन्यात मी म्हटलं, कधी बोलली नाहीस मला. ती म्हणाली, बोलले होते. तुम्ही म्हणालात, हॉलमध्ये तर छान वारा आहे.

असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. पण वाक्य माझंच वाटतं.

२ मे

कामावर देखरेखीसाठी तिघांची समिती. नाही-काका (उतार), शिंपी (खिडक्या), आणि प्रमुख म्हणून बायको. बिनविरोध. मी अनुमोदन द्यायला उठलो तेव्हा पुढचा विषय सुरू झाला होता.

मला ‘सल्लागार’ केलं आहे. नेमका कशाचा ते इतिवृत्तात लिहायचं राहिलं असावं. खुलासा मागवणार.

१५ मे, दुपारी १.१५

काम सुरू. आज आपल्या हॉलच्या खिडक्या काढल्यात. हॉलमध्ये कामगार, धूळ, प्लास्टिकची पडदी. माझी खुर्ची कुठेच मावेना, म्हणून स्वयंपाकघरात आणून ठेवली. स्वयंपाकघराची पाळी पुढच्या आठवड्यात.

बायको वही घेऊन चौथ्या मजल्यावर गेलीय, नर्सबाईंच्या छपराचा थर बघायला. जाताना सांगून गेली, कुकर लावलाय, तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करा. एवढंच काम. म्हटलं, शिट्ट्या होईपर्यंत बसल्या जागी संपूर्ण मोहिमेचा आढावा लिहून काढू. निवांतपणा आहे.

मुद्दा पहिला: कुठल्याही लोकसहभागाच्या कार्यात नेतृत्वाची भूमिका

१.२२

पंखा शोधला. नाही. हो, नाहीच.

शिट्टी पहिली.

मुद्दा पहिला, पुन्हा: नेतृत्वाची भूमिका ही

१.२६

थर्मामीटर आणला. एकोणचाळीस. फिरवून पाहिला, भिंतीपासून लांब धरला. एकोणचाळीस. शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलाय. भिंतीला हात लावून बघितला. लावायला नको होता.

आपण अकरा मिनिटं बसलोय. ती रोज सकाळी दोन तास, संध्याकाळी दीड. गुणिले एकतीस वर्षं. हा हिशोब आढाव्यात घालावा की काय, बघू.

शिट्टी दुसरी.

१.२९

कागदावर घाम पडून शाई पसरली. मुद्दा पहिला वाचता येत नाही. परत लिहायचा होता, पण सुचत नाहीये.

फार उकडतं इथे.